खिशांतलें बिऱ्हाड

गेल्या भाद्रपदांत आमच्या हातून एक अपराध घडला. तो एका पेनड्राइव्हच्या पायीं घडला, आणि तोही साठीनंतर जडलेल्या छंदांत; म्हणून वाचकांस आधीं त्या छंदाची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आमचें वास्तव्य वांटून गेलें आहे. चातुर्मास पुण्यास थोरल्या चिरंजीवांकडे, थंडीचे दिवस नागपुरास धाकट्याकडे, आणि मध्यें कांहीं आठवडे ठाण्यास लेकीच्या घरीं. धोतरें, पंचांग आणि चष्मा पिशवींत मावतात. संगणक मावत नाहीं. आणि संगणकावांचून तर आमचें चालेनासें झालें आहे. आमचे वडील ती. कै. अण्णा यांनीं जन्मभर सुभाषितांची एक जाड वही लिहिली. प्रत्येक श्लोकाखालीं त्यांचें स्वतःचें मराठी टिपण. शाई उडत चालली, पानें कडेला चुरूं लागलीं, म्हणून ती सबंध टंकित करण्याचें आम्हीं मनावर घेतलें. पण पुण्यास नीट जुळलेलें जोडाक्षर ठाण्याच्या यंत्रावर पाय मोडून पडे, आणि नागपुरास तर कळांची मांडणीच निराळी. शिवाय दुसऱ्याच्या यंत्रांत ढवळाढवळ करणें म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरांतले डबे हलविणें. सूनबाई बोलत नाहींत. पण त्यांस तें रुचत नाहीं, एवढें आम्हांस कळतें.

तोड काढली ती नववींतल्या नातवानें. "आजोबा, अख्खा कॉम्प्युटरच पेनड्राइव्हवर टाकून देतो. कुठल्याही मशीनला लावा, तुमचंच सुरू होईल."

आम्हांस हें प्रथम थट्टेचें वाटलें. पण ती गोष्ट खरी आहे, आणि नवीनही नाहीं. हेलसिंकीच्या विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सची सुरुवात केली आणि पुढें तें कोणींही घ्यावें, बदलावें, वांटावें असें खुलें ठेवलें. इयान मरडॉक यांनीं १९९३ सालीं डेबियन नांवाचा त्याचा एक संच आरंभिला. आणि २००० सालीं क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थांनीं डेबियनच्याच पायावर नॉपिक्स ही चकती काढली, जी घातली कीं यंत्राच्या आंतल्या डिस्कला हात न लावतां सर्व कारभार चाले. पेनड्राइव्ह हा त्याच चकतीचा धाकटा भाऊ. फरक इतकाच कीं, याच्यावर लिहितांही येतें.

हें लिहिणें कसें होतें तें समजतांच आमचा त्या पोराविषयींचा आदर दुणावला. मूळ प्रणाली एका दाबून बसविलेल्या फाइलींत असते, तिच्यांत कधींही खाडाखोड होत नाहीं. आपण जें जें बदलतों, तें पेनड्राइव्हच्या दुसऱ्या भागांत निराळें लिहिलें जातें, आणि पडद्यावर दोन्हीं मिळून एकच दिसतें. आम्ही म्हटलें, "अरे, हें तर सूत्र आणि भाष्य! सूत्राला कोणी हात लावीत नाहीं, आणि वाचतांना भाष्यासह वाचतात." त्यानें मान हलविली, त्याला तें कितपत पटलें, देव जाणे.

मग आमच्यापुरतें त्यांत काय असावें याची यादी झाली. देवनागरीचे टंक, लेखनासाठीं लिब्रेऑफिस, मोठीं अक्षरें. खेळ एकही नको. कळांसाठीं इन्स्क्रिप्टची मांडणी. ही मांडणी ज्यानें केली त्याला वर्णमाला पाठ होती खास! स्वर डाव्या हातास, व्यंजनें बहुतेक उजव्या. क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्ट दाबून ख, ग च्या कळीवर घ, त च्या कळीवर थ. अल्पप्राणास थोडा जोर दिला कीं महाप्राण. पाणिनीच्या शिष्यास शिकावयास आठ दिवस पुरले. यादी एका फाइलींत लिहून नातवानें 'लाइव्ह-बिल्ड' नांवाच्या साधनास दिली, आणि दोनेक तासांनीं त्याच्या यंत्रानें सुमारें तीन जीबीची एक फाइल प्रसविली. हीच आमची घडण.

ही फाइल पेनड्राइव्हवर नुसती नकलून चालत नाहीं. पहिल्या बिंदूपासून ओळीनें कोरावी लागते. त्यासाठीं 'डीडी' नांवाची एक आज्ञा आहे. कोठून घ्यावयाचें आणि कोठें लिहावयाचें एवढेंच तिला सांगावयाचें. ती प्रश्न विचारीत नाहीं. यंत्र आपल्या डिस्कांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशीं नांवें देतें, पण तीं जन्मनांवें नव्हेत. वर्गांत जो आधीं आला त्याला आधीचा क्रमांक, इतकेंच. नातू त्या दिवशीं शाळेस गेला होता. आज्ञा त्यानें आदल्या रात्रीं एका कागदावर लिहून ठेवली होती, आणि "संध्याकाळी करू" असें बजावलें होतें. आम्हांस संध्याकाळपर्यंत धीर निघाला नाहीं. जुना सोळा जीबीचा पेनड्राइव्ह, ज्यावर वर्षभराचें टंकन होतें, तो सकाळपासून लावलेलाच होता. त्याच्या शेजारीं नवा बत्तीसचा लावला, कागदावरचें अक्षर न् अक्षर उतरविलें, आणि एसडीबीवर लेखन पूर्ण झाल्याची ओळ पाहून चहास उठलों.

नवा पेनड्राइव्ह कोराच राहिला होता. कोरलें गेलें होतें तें जुन्यावर.

रात्रीं जेवतांना आम्हीं सर्वांसमक्ष त्या मुलास नाहीं नाहीं तें बोललों. "चुकीचें अक्षर लिहून दिलेंस! एका अक्षरानें माझें वर्ष गेलें!" तो खालीं मान घालून भात चिवडीत राहिला. सूनबाईंनीं एकदां आमच्याकडे पाहिलें आणि वाढणें पुढें चालू ठेवलें.

पहाटे झोंप येईना, तेव्हां तो कागद पुन्हां हातांत घेतला आणि सहज उलटला. मागें त्याच्या गिचमिड अक्षरांत लिहिलें होतें: 'आधी लिस्ट बघा. ३२ वाला कुठला ते बघून मगच अक्षर टाका. अक्षर बदलू शकतं.' चौतीस वर्षें प्रत्येक परीक्षेच्या आरंभीं आम्हीं मुलांस सांगत आलों कीं, प्रश्नपत्रिका उलटून पाहा!

तो उठतांच आम्हीं विचारलें, "मागें लिहिलें आहेस, हें काल बोलला कां नाहींस?"

"तुम्ही खूप मोठ्यानं बोलत होतात, आजोबा."

आम्हीं त्याची क्षमा मागितली. चहाच्या वेळीं, सूनबाई आणि चिरंजीव यांच्यादेखत मागितली. कारण रागावलों होतों तेंही त्यांच्यादेखतच. पोर लाजून आंत पळालें आणि पांच मिनिटांनीं जुना पेनड्राइव्ह घेऊन बाहेर आलें. "याच्यावर आता काहीच लिहू नका हं."

पुढचे दोन दिवस 'फोटोरेक' नांवाच्या साधनाचे. तें फाइलींचीं नांवें पाहत नाहीं, प्रत्येक फाइलीच्या आरंभींची खूण ओळखतें. आमचे लेख ज्या पद्धतीनें बांधलेले असतात तिची खूण 'पीके' अशी आहे. झिप पद्धत रचणारे फिल कॅट्झ यांचीं हीं आद्याक्षरें. सुदैवानें त्या पेनड्राइव्हवर आरंभीं आम्हीं कीर्तनांचें ध्वनिमुद्रण भरून ठेवलें होतें; तीन जीबीचा घाव बहुतेक बुवांनींच झेलला, आणि मागाहून केलेलें टंकन पलीकडे शाबूत राहिलें. एकवीस फाइलींपैकीं सतरा परत आल्या, पण निनांवी. प्रत्येक उघडून, श्लोक वाचून, वहीशीं ताडून क्रम लावावा लागला. त्या कामास नातू शेजारीं बसे. श्लोक आम्ही म्हणूं, पान तो शोधी. अर्थ विचारूं लागला तेव्हां अण्णांचीं टिपणेंही वाचून दाखविलीं.

चार गेल्या त्या गेल्या. त्यांतील बहुतेक पानें पुन्हां टंकित झालीं. परंतु एक पान मधल्या काळांत इतकें चुरलें होतें कीं, श्लोक आम्हांस पाठ म्हणून वांचला, त्याखालचें अण्णांचें टिपण मात्र उरलें नाहीं. तेथें आम्हीं जागा मोकळी ठेविली आहे.

हें नागपुरास बसून लिहीत आहों. यंत्र धाकट्याचें, कळा आमच्या. नव्या पेनड्राइव्हला नातवानें सुतळी बांधून एक चिठ्ठी अडकविली आहे. तिच्या एका बाजूस लिहिलें आहे: 'उलटून बघा.' दुसऱ्या बाजूस: 'दुसरी कॉपी ठाण्याला आत्याकडे.'