पुसला गेलेला बँड

‘पेप्टाइड टाकल्यावर बँड गेला ना? मग अँटिबॉडी बरोबर आहे.’ हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

पीएच.डी.साठी मी पुण्यात हर्ग या पोटॅशियम चॅनेलवर काम करत होते. ठोक्यानंतर हृदयाची पेशी विद्युतदृष्ट्या पूर्ववत होते, त्यात याचा मोठा हात. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचं औषध याच चॅनेलला अडवतं म्हणून १९९८ साली अमेरिकेच्या बाजारातून गेलं. हर्गचं जनुक आम्ही प्रयोगशाळेत वाढवलेल्या हेक पेशींत घालायचो. त्यांच्यात मुळात हर्ग नसतो. अँटिबॉडीने प्रथिन हुडकणाऱ्या वेस्टर्न ब्लॉटवर त्याचे दोन बँड यायचे. १३५ किलोडाल्टनचा कच्चा आणि १५५ चा पक्का, म्हणजे साखरेच्या साखळ्या पूर्ण चढून पेशीच्या पडद्याकडे निघालेला. आमच्या पेपरचा सगळा दावा या दोघांच्या गुणोत्तरावर उभा होता.

रिव्ह्यूअरने ब्लॉकिंग पेप्टाइडचा कंट्रोल मागितला. चॅनेलचा पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा कृत्रिमरीत्या बनवून, मोठ्या वाहक प्रथिनाला जोडून सशाला टोचतात, त्यातून अँटिबॉडी मिळते. तोच तुकडा वेगळा विकतही मिळतो. अँटिबॉडीत तो भरपूर मिसळून रात्रभर चार अंशाला ठेवला की तिचे हात आधीच भरतात आणि ती ब्लॉटवर बसत नाही. इंडेंट, कोटेशनं, कस्टम्स या सगळ्यांतून कुपी आली. चिमूटभरही पावडर दिसेना, किंमत मात्र अँटिबॉडीला लाजवेल अशी.

जनुक न घातलेल्या साध्या हेक पेशींची एक लेनही मी जेलवर चढवली. कुणी मागितली नव्हती. पेप्टाइडशिवायच्या ब्लॉटवर त्या लेनमध्ये १३५ च्या अगदी शेजारी बँड होता. जिथे चॅनेलच नाही तिथे! आणि पेप्टाइडच्या ब्लॉटवर? सगळं साफ. हर्गचे दोन्ही बँड गेले, आणि त्यांच्याबरोबर हा तोतयाही तितक्याच सफाईने गेला. एक्स्पोजर वाढवून पाहिलं, काही नाही.

विचार केला तर यात नवल काहीच नव्हतं. आमची अँटिबॉडी शुद्ध केली होती तीच मुळी त्या पेप्टाइडच्या कॉलमवर. म्हणजे कुपीत होतं ते सगळं त्या तुकड्याला धरणारं. ती योग्य प्रथिन धरो की भलतंच, धरणारे हात तेच. ते भरले की दोन्ही बँड जाणार. आरोपीच्या सख्ख्या भावाला साक्षीला बोलावल्यासारखं झालं हे.

सरांना दाखवलं. म्हणाले, “रिव्ह्यूअरने मागितलंय तेवढं दे. नाही मागितलं ते कशाला दाखवतेस?” मी म्हटलं, “सर, मग १३५ मध्ये हर्ग किती आणि हा दुसरा किती, ते कसं सांगणार?” उत्तर मिळालं नाही. मी भांडले. लेन कापली गेली. पेप्टाइडची आकृती मोठ्या दिमाखात छापून आली आणि रिव्ह्यूअरचं समाधान झालं. गुणोत्तराचा आलेख होता तसाच राहिला.

खरं तर पेप्टाइडचा हा कंट्रोल पुरेसा नाही, हे २००५ मध्येच क्लिफर्ड सेपर यांनी ‘जर्नल ऑफ कंपॅरेटिव्ह न्यूरॉलॉजी’चे संपादक म्हणून वाचकांना उघड पत्र लिहून बजावलं होतं. रुग्णालयांतही रुग्णांच्या रक्तात पोटॅशियम चॅनेलच्या अँटिबॉडी म्हणून वर्षानुवर्षं तपासल्या गेलेल्यांपैकी बऱ्याच चॅनेलला नव्हे, तर त्याला चिकटून असलेल्या एलजीआय१ आणि कॅस्पर२ या प्रथिनांना धरतात, हे २०१० मध्ये समोर आलं. लेबलवर इतका विश्वास टाकायची सवय आपल्याला कशी लागते, कोण जाणे.

एवढं बोलूनही मी आज पेप्टाइड मागवतेच. मधे एका ब्लॉटवर पेप्टाइड टाकूनही एक बँड हलेना. शोध घेतला तर तो पहिल्या अँटिबॉडीला दाखवणाऱ्या सेकंडरी अँटिबॉडीचा निघाला. पेप्टाइड नसतं तर कळलं नसतं. न गेलेला बँड काहीतरी सांगतो, गेलेला फारसं सांगत नाही.

रिव्ह्यूअर म्हणून बसणाऱ्यांना एकच विनंती: पेप्टाइड जरूर मागा, पण त्याआधी चॅनेल नसलेल्या पेशींची, नाहीतर नॉकआउट उंदराची लेन मागा. आणि न कापलेला ब्लॉट मागा.