उंबऱ्यावरची बोटं

परदेशात बस्तान बसलं की नाही हे आधी कागद ठरवतात. जर्मनीत घर मिळालं की नगरपालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा, त्या नोंदीवर बँक, बँकेवर विमा, विम्यावर डॉक्टर. २०२३ च्या पावसाळ्यानंतर मी म्युनिकला गेलो आणि दिवाळीपर्यंत हे सगळं उरकलं. कागदोपत्री मी तिथला झालो. पण माणूस खरा परका होतो तो सणाच्या दिवशी. एरवी ऑफिस आपल्याला आपलं मानतं. सुट्टी लागली की ज्याचं घर त्याला बोलावतं आणि आपण जिन्यात उभे.

त्या वर्षी नाताळचा आदला दिवस नेमका रविवारी आला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, २५ आणि २६ ला सरकारी सुट्टी. म्हणजे तीन दिवस बाजार नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मला कुणी सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी दुकानात गेलो तर भाजीच्या फळ्यांवर फक्त लेबलं उरली होती. मायने बॅगेत कोंबलेलं कळण्याचं पीठ तेव्हा कामाला आलं. बिबडे होते, लाल मिरचीचा ठेचा होता. ऐन नाताळात म्युनिकच्या विजेच्या शेगडीवर ज्वारी-उडदाची भाकरी थापत बसलेला माणूस मी एकटाच असेन असं वाटलं. नंतर कळलं, धुळे-जळगावची बरीच पोरं तिथं हेच खातात.

माय खानदेशात, साक्रीला. फोनवर तिचे प्रश्न ठरलेले: थंडी किती, जेवलास का. त्या दिवशी तिने वेगळंच विचारलं. मी नाताळचं कौतुक सांगत होतो. झाडं, दिवे, घरोघरी भाजलेल्या बिस्किटांचा वास. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग त्या लोके पितरस्ले कव्हय जेवाडतस?"

हा प्रश्न खानदेशी बाईलाच पडावा. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मोठी. त्या दिवशी बाकी महाराष्ट्र सोनं घेतो. आमच्याकडे लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात, सांजोऱ्या तळल्या जातात, आमरस आणि पुरणपोळी होते. पण कुणाच्याही पानात काही पडायच्या आधी घागर भरायची. कुंभाराकडची नवी घागर, तिच्यात पाणी, वर छोटं मातीचं भांडं, त्यावर खरबूज, आंबा, सांजोरी. ज्याला जाऊन अजून वर्ष झालं नाही त्याच्यासाठी वेगळं डेरगं, लाल मातीचं लहानसं मडकं. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तूप आणि घास टाकून आगारी द्यायची. पितर जेवले की माणसं जेवणार. लहानपणी भुकेने जीव जायचा आणि पितर फार हळू जेवतात अशी आमची ठाम समजूत होती.

त्याही आधी, सकाळी, माय उंबरा धुऊन पुसून घ्यायची. ओल्या कुंकवात बोट बुडवायचं आणि उंबऱ्यावर एक उभी रेघ ओढायची. एक रेघ, एक नाव. सासरे, आजेसासरे, त्यांचे भाऊ, पटकीत गेलेली एक जाऊ, नाव ठेवायच्या आत गेलेलं एक मूल. त्या मुलीला माय फक्त "बाय" म्हणायची. रेघा सरळ, सारख्या अंतरावर, आणि नावं अगदी हळू, ओठांतल्या ओठांत. आम्हाला ती पुटपुट ऐकू यायची, शब्द नाही.

मायच्या प्रश्नाचं उत्तर मला २४ तारखेलाच मिळालं. दुपारी जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत झाकणाचे लाल दिवे. नवऱ्याच्या थडग्यावर दिवा लावून यायचं, मग रात्रीचं जेवण. पिशवी घेऊन मी सोबत गेलो. १९०७ साली झाडांच्या मधोमध वसवलेली ती जुनी दफनभूमी संध्याकाळी पाच वाजताच अंधारात बुडाली होती, आणि खोडांच्या मधून शेकडो लाल ठिपके. लोक बोलत होते, मुलं धावत होती. रडत कुणीच नव्हतं. आजींनी सांगितलं की इथं जागा कायमची मिळत नाही. ठरावीक वर्षांच्या मुदतीने घ्यायची, मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे, नाही भरले तर थडगं काढून टाकतात. मेलेल्या माणसालाही भाडेकरार असतो हे ऐकून मी चाटच पडलो.

रात्री मायला सांगितलं: जेवायला घालत नाहीत, दिवा लावतात. ती म्हणाली, "बरं शे. पन उपाशीच ठेवतस मंग."

फेब्रुवारीत ती गेली. मुंबईला उतरून नाशिक, सटाणा, पिंपळनेर करत साक्री गाठेपर्यंत अग्नी देऊन झाला होता. त्या आठवड्याविषयी मला फारसं लिहायचं नाही.

आखाजी १० मे २०२४ ला आली, शुक्रवारी. आदल्या दिवशी जर्मनीत ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी, मधला शुक्रवार सगळ्यांनी रजा टाकून जोडून घेतलेला. ऑफिस ओस. मलाही रजा सहज मिळाली, पण तिचं करायचं काय? परदेशातल्या मराठी मंडळांचं मला कौतुक आहे. लंडनचं मंडळ तर १९३२ पासून चालू आहे. गणपती होतो, दिवाळी होते, गुढीपाडवा होतो. आखाजी मी पाहिलेल्या कुठल्याच मंडळात होत नाही, आणि होऊही शकत नाही. सभागृह भाड्याने घेऊन पितर बोलावता येत नाहीत. त्यांना त्यांचाच उंबरा लागतो. माझ्या फ्लॅटच्या दाराखाली रबराची पट्टी आहे. छताला धूर ओळखणारं यंत्र आहे, कायद्यानेच बसवलेलं. आगारीचा पहिला घास पडताच ते सगळी इमारत गोळा करील.

तेव्हा साक्रीचे दुपारचे बारा आणि माझे सकाळचे साडेआठ अशी वेळ धरून ताईने फोन माठाला टेकवून ठेवला. घागर होती, शेजारी मायचं डेरगं होतं. ताईने कुंकवात बोट बुडवलं. रेघा ओढू लागली, नावं मोठ्याने घेऊ लागली, आणि सहा-सात रेघांनंतर थांबली. पुढची नावं तिला येत नव्हती. माझ्याकडे पाहिलं. मी कुठून सांगणार! मायच्या रेघा उंबऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या. ताईच्या अर्ध्यावर संपल्या. नंतर चुलत्यांना फोन झाले. एकाने दोन नावं दिली, दुसऱ्याने त्यातलं एक खोडलं. आम्ही माय गेली म्हणून रडलो होतो; तिच्याबरोबर आणखी किती जण गेले याचा हिशेब त्या दुपारी लागला.

उरलेल्या जागेत ताईने शेवटी सलग एकच लांब रेघ ओढली आणि म्हणाली, "ज्या कोना व्हतीन त्या."

साक्रीचं घर रिकामं ठेवण्यात अर्थ नव्हता. त्याच पावसाळ्यात ते एका मास्तरांना भाड्याने दिलं. भाडं ठरलं, अनामत ठरली, आणि एक अट तोंडी घातली: आखाजीच्या दिवशी दुपारपर्यंत उंबरा आमचा. अट ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. "आखाजीले आम्ही बी गावलेच जातस," ते म्हणाले, "घर तं त्या दिन मोकयंच ऱ्हास."