उतरायला शिकवणारी जागा

आकाशातून उडी मारायची असे घरातले कोणी म्हणाले, की आपल्याकडे दोन प्रश्न लगेच पुढे येतात. पहिला, ‘कशाला?’ आणि मुलगी असेल तर दुसरा, ‘मुलीने?’ या दोन प्रश्नांवर वाद घालता घालता रात्र सरते. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो म्हणजे, ‘कुठे?’ गेल्या दीड वर्षात मला असे वाटू लागले आहे, की पहिल्या दोन प्रश्नांत आपली भीती बोलते आणि आपली काळजी या तिसऱ्या प्रश्नात असते.

माझी लेक दुबईत नोकरी करते. त्यात नवल काही नाही. रत्नागिरीकडच्या आमच्या मोहल्ल्यांत आखातात कोणी नाही असे घर शोधावेच लागेल. नवल वाटले ते तिच्या फोनचे. “अम्मी, मला विमानातून उडी मारायला शिकायचंय. कुणाला बांधून घेऊन नाही, स्वतः,” ती म्हणाली. तिचे अब्बा हयात नाहीत. ती सव्वीस वर्षांची, कमावती. न विचारताही ती जाऊ शकली असती, पण तिने विचारले. हे विचारणे मला उडीपेक्षा मोठे वाटले. ‘नाही’ म्हणणे सोपे होते. मग पुढच्या वेळी तिने विचारलेच नसते, एवढेच.

माझी नणंद म्हणाली, “भाभी, पोरीला आवरा. हे आपल्या लोकांचं काम नाही.” आपल्या लोकांचे काम नाही, हे मात्र खरे नाही. सुमारे हजार वर्षांपूर्वी फाराबहून आलेला अल्-जौहरी नावाचा थोर कोशकार नैशापूरला राहत होता. त्याचा ‘सिहाह’ हा अरबी शब्दकोश आजही विद्वानांच्या हाताशी असतो. चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे तो अंगाला पंख बांधून मशिदीच्या छतावर चढला, तिथून त्याने उडी घेतली आणि त्यातच त्याचा अंत झाला. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, स्पेनमधल्या कुर्तुबात अब्बास इब्न फिर्नास होऊन गेला. तो कवी होता, आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यासक होता, काच बनवण्यातही हुशार होता. त्याने अंगावर पिसे चढवली, पंख लावले आणि उंचावरून झेप घेतली. सतराव्या शतकातला इतिहासकार अल्-मक्करी सांगतो, की तो काही अंतर खरोखर तरंगत गेला. पण उतरताना आपटला आणि त्याची पाठ दुखावली. त्याचे कारणही मक्करीने दिले आहे. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे इब्न फिर्नासच्या ध्यानात आले नव्हते. त्याने शेपूट लावली नव्हती.

ही शेपटीची गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. वर जाण्याची हिंमत दोघांकडेही होती, इल्मही होते. उतरायचे कसे, हे सांगणारे मात्र कोणी नव्हते. मी लेकीला म्हटले, “जा. पण जागा आपण दोघी मिळून निवडू. उडवणारी नको, उतरवायला शिकवणारी बघ.”

मग आमचा शोध सुरू झाला. आधी मला या विद्येचे प्रकारच समजून घ्यावे लागले. टँडेम म्हणजे प्रशिक्षकाच्या अंगाला पट्ट्यांनी बांधून घेऊन मारलेली उडी. पॅराशूट त्याचे, निर्णयही त्याचेच, आपण पाहुणे. आयुष्यात एकदा अनुभव घ्यायचा असेल तर ती ठीक, पण तेवढ्याने विद्या येत नाही. दुसरा प्रकार स्टॅटिक लाइन. यात पॅराशूटची दोरी विमानाला जोडलेली असते आणि साधारण तीन-चार हजार फुटांवरून बाहेर पडताच ते आपोआप उघडते. तिसरा प्रकार एएफएफ. यात पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याच्या पाठीवर त्याचे स्वतःचे पॅराशूट असते. बारा-तेरा हजार फुटांवरून तो बाहेर पडतो. सुरुवातीच्या उड्यांत दोन प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी धरून सोबत पडतात. ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने पाऊण मिनिट खाली यायचे आणि साडेपाच हजार फुटांच्या आसपास स्वतःच्या हाताने पॅराशूट उघडायचे. त्यानंतर प्रशिक्षक बाजूला होतात. उरलेली पाच-सहा मिनिटे माणूस एकटा असतो. कानाशी रेडिओ असतो, पण दोऱ्या ओढणारे हात त्याचेच.

लेकीला तिसरा प्रकार हवा होता. तिथे पहिली चाळणी लागली. आपल्याकडे मध्य प्रदेशात सागरजवळ धाना, उत्तर प्रदेशात अलीगढ, हरियाणात नारनौल अशा धावपट्ट्यांवर उड्या झाल्या आहेत. पण हौशी माणसाला तिथे मिळते ती बहुधा टँडेम. नेपाळात पोखऱ्याला हिमालयाची शिखरे बघत उडी घेता येते, तीही मुख्यतः टँडेमच. स्पेनमध्ये समुद्रकाठच्या एम्पुरियाब्रावाला शिक्षणाची मोठी परंपरा आहे, पण रजा किती दिवसांची मिळणार? दुबईत दोन जागा आहेत. पाम बेटाजवळची समुद्राकाठची जागा फोटोंमुळे जगभर माहीत आहे, आणि दुसरी शहराबाहेर वाळवंटात आहे. लेकीच्या मैत्रिणी म्हणाल्या, “समुद्रावर जा, फोटो काय येतात!” मी विचारले, “शिकाऊ माणसाला कुठे उतरवतात?” उत्तर आले, वाळवंटात. तिथे इमारती नाहीत, पाणी नाही, सगळीकडे वाळू. माझे मत तिथेच अर्धे ठरले.

शीतल महाजन यांचे नाव या गप्पांत येणारच होते. पुण्याच्या या मुलीने १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी घेतली, आणि ती तिची आयुष्यातली पहिलीच उडी होती. २०११ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये थायलंडला तिने नऊवारी नेसून उडी घेतली, तेव्हा मराठी घराघरांत तिचे कौतुक झाले. लेक म्हणाली, “बघ, सराव न करताही होतं.” मी म्हटले, “तिचा विक्रम तिच्यापाशी. विक्रमाचा रस्ता आणि शाळेचा रस्ता एक नसतो.”

मग आम्ही वहीत प्रश्न लिहिले. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचे नियम जगात पुष्कळ ठिकाणी प्रमाण मानतात, म्हणून फूटपट्टी तीच घेतली. पहिला प्रश्न जागेचा. त्या नियमांप्रमाणे शिकाऊ उडीच्या उतरण्याच्या जागेभोवती १०० मीटरपर्यंत झाड, तार, इमारत, पाणी असा अडथळा नसावा. दुसरा वाऱ्याचा. ताशी १४ मैल, म्हणजे सुमारे साडेबावीस किलोमीटरपेक्षा जोराचा वारा असेल तर शिकाऊ माणसाने उडी मारू नये. तिसरा पाठीवरच्या सामानाचा. त्यात दोन पॅराशूट असतात, एक मुख्य आणि एक राखीव. राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक जाणकारानेच घालायची असते आणि अमेरिकेच्या नियमाप्रमाणे दर १८० दिवसांच्या आत ते उघडून, तपासून पुन्हा बांधायचे असते. शिवाय माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला, तर ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्र बसवलेले असावे लागते. चौथा प्रश्न भाषेचा. भीतीत डोक्यात जी भाषा चालते, तिच्यात सूचना मिळतात का? पाचवा, एखादा टप्पा जमला नाही तर काय? पुन्हा करून घेता, की पुढे ढकलता? सहावा प्रश्न माझा, म्हणजे बुरख्या-ओढणीच्या घरातल्या बाईचा होता: स्कार्फचे काय?

या प्रश्नांनी जागांची परीक्षा झाली. एका देशातल्या एका केंद्राने दोनदा विचारूनही फक्त दरपत्रक आणि व्हिडिओचे पॅकेज पाठवले. दुसऱ्या एका ठिकाणचा माणूस फोनवर म्हणाला, “चार दिवसांत परवाना, नक्की.” निदान २५ उड्यांशिवाय पहिला, ‘ए’ परवाना मिळत नाही, हे आम्हाला तोवर कळले होते. चार दिवसांत तेवढ्या उड्या, वारा हाताशी असल्यासारखे! ती नावे आम्ही खोडून टाकली. वाळवंटातल्या केंद्राचे उत्तर मात्र वेगळे होते. परवाना कधी मिळेल ते सांगता येणार नाही. टप्पा जमला नाही तर तोच पुन्हा करावा लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील. वारा वाढला तर दिवसभर बसून परत जावे लागेल. स्कार्फ घट्ट बांधून हेल्मेटच्या आत खोचायचा, टाचणी लावायची नाही, सैल टोक ठेवायचे नाही. उत्तरे रुक्ष होती, पण मला ती आवडली.

ती का आवडली, ते आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. मिरकरवाड्यातले दालदी मच्छीमार तांडेल कसा पारखतात? वादळातून होडी काढून आणल्याच्या गोष्टी सांगणारा तांडेल पोरांना आवडतो. बायकांना मात्र तो तांडेल हवा असतो, जो वारा बघून ‘आज नाही’ म्हणतो आणि सगळा बंदर हसला तरी होडी ओढून ठेवतो.

लेक सुरुवातीचे दोन शनिवार तिथे जाऊन तशीच परत आली. वारा होता. मोहल्ल्यात गंमत सुरू झाली, “काय, पोरगी अजून जमिनीवरच?” मला मात्र त्या दोन शनिवारी शांत झोप लागली. त्याआधीचा एक पूर्ण दिवस तिचा जमिनीवरच्या तालमीत गेला होता. छताला टांगलेल्या पट्ट्यांत लटकवून एकच गोष्ट पुनःपुन्हा करून घेतली होती: मुख्य पॅराशूट नीट उघडले नाही तर उजवीकडची मूठ खेचून ते सोडून द्यायचे, लगेच डावीकडची खेचून राखीव उघडायचे. मग उतरण्याची तालीम. पाय आणि गुडघे जोडलेले, किंचित वाकवलेले. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही दोऱ्या एकदम खाली. तोल गेलाच तर हात न टेकता अंगाच्या बाजूवर लोळण. ती म्हणाली, “अम्मी, दिवसभरात उडण्याबद्दल फार थोडं बोलले. बाकी सगळं पडण्याबद्दल आणि उतरण्याबद्दल.”

आता हवेच्या उभ्या बोगद्यातही सराव करता येतो. खालून जोराचा वारा सोडतात आणि माणूस त्यावर तरंगतो. तिने तोही केला. शरीर कसे धरायचे हे तिथे छान कळते, पण उतरणे तिथे शिकता येत नाही. ते आकाशाखालीच शिकावे लागते. आणि धोका बराचसा तिथेच असतो. अमेरिकन संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ साली तिथे सुमारे ३६ लाख ५० हजार उड्या झाल्या आणि १० माणसे दगावली. प्रमाण फार लहान आहे, पण ज्या घरातले माणूस गेले त्या घराला प्रमाण नसते. या खेळातल्या पुष्कळ दुखापती पॅराशूट व्यवस्थित उघडल्यावर, उतरताना होतात. एक वळण जमिनीच्या फार जवळ घेतले, की झाले. इब्न फिर्नासची शेपूट बाराशे वर्षांनंतरही तिथेच अडते आहे.

तिसऱ्या शनिवारी तिने उडी घेतली. वाळूत बसकण मारून उतरली. तिसरा टप्पा तिला पुन्हा करावा लागला. तिच्या बोलण्यात त्याची लाज नव्हती, कारण शिकवणाऱ्यांनी ती वाटू दिली नव्हती. रमजानच्या महिन्यात तिने उडी घेतली नाही. उन्हात, रोजा असताना कोरड्या घशाने विमानात बसणे शहाणपणाचे नाही, असे तिनेच ठरवले. आजवर तिच्या अठरा उड्या झाल्या आहेत. परवाना अजून दूर आहे आणि तिला घाई नाही.

हे सगळे लिहिले ते उडीच्या कौतुकासाठी नाही. उंट बांधून मग तवक्कल करण्याची शिकवण आपण मुलांना मदरशात देतो, पण मुलींच्या बाबतीत उंट बांधणे म्हणजे मुलीलाच बांधून ठेवणे, असा अर्थ आपण कधी लावून घेतला ते कळलेच नाही. शहरातले कॉलेज, वसतिगृह, परगावची नोकरी, सगळ्यासाठी आपल्याकडे दोनच उत्तरे तयार असतात: ‘नको’ किंवा ‘तुझं तू बघ’. ‘नको’ म्हणणाऱ्याला जागेची चौकशी करावी लागत नाही आणि ‘तुझं तू बघ’ म्हणणाराही ती करत नाही. तिथे शिकवणारे कोण आहेत, चुकले तर सांभाळतात कसे, वारा वाढला की थांबवतात का, हे विचारायला वेळ लागतो, वही लागते आणि थोडे इंग्रजीही लागते. माझे इंग्रजी बेताचे आहे. लेकीने ते प्रश्न माझ्या शब्दांत विचारले.

१९७६ मध्ये चंद्रावरच्या एका विवराला इब्न फिर्नासचे नाव दिले गेले. २०११ मध्ये त्याच्या कुर्तुबात त्याच्या नावाचा पूल झाला. त्याच्या उडण्याचा अभिमान आपण बाळगतोच, बाळगावाही. पण आपल्या मुलींना उंच पाठवताना त्याच्या शेपटीची ती छोटी नोंदही सोबत द्यावी, आणि ती ठाऊक असलेली माणसे जिथे आहेत, ती जागा आपण स्वतः शोधून द्यावी.