जब्याचा गोटा

सिनेमातलं त्याचं काम जेमतेम काही क्षणांचं. तोंडी एक शब्द नाही, श्रेयनामावलीत नाव नाही. तरीही नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तलं कोणतं पात्र डोक्यात घर करून बसलं, असं विचाराल तर मी शेवटच्या त्या गोट्याकडेच बोट दाखवीन.

दिसायला साधा. मुठीत मावेल एवढा, कोणत्याही गावच्या वाटेवर सापडेल असा. स्वभावानं कमालीचा सोशिक. सिनेमाचा नायक, दलित घरातला शाळकरी जब्या, वर्गातल्या शालूकडे चोरून बघतो, काळ्या चिमणीपायी रान पालथं घालतो, तोवर हा पडून असतो. जब्याच्या बापाला, कचरू मानेला, गाव डुकरं धरायला लावतं आणि मजा बघत खिदळतं, तरी हा गप्प. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, डुकरामागे धावणारं माने कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं, तेव्हाही हा हलत नाही. मग धरलेलं डुक्कर काठीला टांगून ते निघतात. मागं शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि फुले रंगवलेले. त्यानंतर सोसणं संपतं. जब्या गोटा भिरकावतो, तो थेट आपल्याकडे येतो आणि पडदा काळा होतो.

गोटा चलाखही आहे बरं. सिनेमा लागला 14 फेब्रुवारी 2014 ला, प्रेमाच्या दिवशी. शाळकरी प्रेमाची गोष्ट म्हणून तिकीट काढणाऱ्यांना त्यानं बेसावध गाठलं.

आम्हा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीवाल्यांना धक्क्याचं तसं अप्रूप नाही. दिवाळी झाली, धान निघाला, की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगावी निघतात. मंडईची जत्रा, बैलांचा शंकरपट आणि रात्रभर नाटक. खून, सूड, मधूनच लावणी, पुन्हा रडारड. खलनायकाला मनसोक्त शिव्या घालायच्या आणि पहाटे हलक्या मनानं घरी जायचं. त्यात वाईट काही नाही, पण तो धक्का मंचावरच राहतो, मंडपात उतरत नाही. महेश मांजरेकरांच्या ‘नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा’बद्दल माझी तक्रार हीच आहे. 2022 मध्ये त्याच्या ट्रेलरवरूनच गदारोळ झाला, राष्ट्रीय महिला आयोगापर्यंत गोष्ट गेली. जयंत पवारांच्या कथेचा आधार असूनही गिरणगावाची वाताहत रक्तामांसाच्या मागं दडली. ‘बापरे, कसली ही पोरं!’ म्हणत प्रेक्षक सुटतो.

गोटा असं सुटू देत नाही. आणि तो सगळ्यांना सारखाही लागत नाही. चंद्रपुरात बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 ला धम्मदीक्षा दिली. ज्या घरांतले आजा-आजी त्या दिवशी तिथं होते, त्यांच्या नातवांना तो स्वतःच्या मुठीतून सुटल्यासारखा वाटणार. शेजारच्या खुर्चीवरच्याला कपाळावर आल्यासारखा. एकाच थेटरात, एकाच तिकिटावर. ‘एवढं भडक कशाला?’ हा प्रश्न, माझा अनुभव सांगतो, बहुतेक वेळा दुसऱ्या खुर्चीतून येतो.

भडक सिनेमाला काही सांगायचं असतं का, हे मी त्यात किती रक्त सांडलं यावरून ठरवत नाही. ‘फँड्री’त शेवटच्या फेकीला रक्ताचा थेंबही दिसत नाही. नेम कुणावर आहे, एवढंच बघतो.

म्हणून वडशाच्या नाटककारांना एक विनंती. येत्या हंगामात एखादा खून कमी करा, लावणी हवी तर राहू द्या, पण एक गोटा मंडपाच्या दिशेनं येऊ द्या. पहिल्या रांगेचं तिकीट मी काढतो.