केळव्याच्या वाळूंत एक रात्र

उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे पुष्कळ कुटुंबें महाबळेश्वर-माथेरानची वाट धरितात. आमची मजल यंदा भिवंडीहून केळव्यापर्यंतच गेली, आणि तीही एका रात्रीपुरती. तथापि त्या एका रात्रीनें आमच्या घरांतील एक अवघड प्रश्न पुष्कळसा सुटला, म्हणून हा लहानसा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

भिवंडी हें मागांचें गांव. पूर्वी येथें हातमाग होते. विसाव्या शतकांत यंत्रमाग आले, आणि आतां बहुतेक आळ्यांतून त्यांचा खडखडाट ऐकूं येतो. गांवाबाहेर गुदामांच्या रांगा व मालमोटारींची अखंड रीघ. आमचें घर ब्राह्मण आळींतील, जुनें, दुमजली, माणसें अकरा. उन्हाळ्यांत पहाटे नळाचें पाणी भरण्यापासून दिवस सुरू होतो. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड यांचें वाळवण पडतें, व कावळे हाकलण्याचें काम मुलांकडे येतें. दुपारीं कैरीचें पन्हें, माठांतील वाळ्याचें पाणी आणि खिडक्यांस ओले पडदे. आम्हां उभयतांपैकीं एकाची नोकरी ठाण्यास, दुसऱ्याची येथील शाळेंत. ठाण्याहून परतणाऱ्यास रस्त्यांतील गर्दीमुळें घरीं पोंचेपर्यंत दिवेलागण होऊन जाते. मग पंगत, आवराआवर, आणि उकाड्यामुळें सर्वांच्या गाद्या गच्चीवर एका ओळींत. एका टोकास आजी, दुसऱ्या टोकास काका, मधें आम्ही. लग्नास तीन वर्षें झालीं. परंतु एकमेकांशीं दहा वाक्यें बोलावयाचीं तर मागांच्या आवाजावर आवाज चढवावा लागे, आणि तो चढविला कीं उरलेले नऊ जण ऐकत!

अशा स्थितींत ठाण्यास स्वतंत्र बिऱ्हाड करावें कीं काय, हा विचार वर्षभर मनांत घोळत होता. दोघांपैकीं एकास तें हवें होतें, दुसऱ्यास नको होतें. यावर शांतपणें बोलण्यासही घरांत जागा नव्हती. म्हणून वैशाखी पौर्णिमेस समुद्रकांठीं तंबू ठोकून राहण्याचा बेत आम्हीं घरांत सांगितला.

काकूंनीं विचारलें, "स्वतःचें घर असतां तंबू कशाला?" दादा वर्तमानपत्राआड गेले. आजींचें माहेर मात्र पालघरकडील माहीमचें, म्हणजे केळव्याच्या शेजारचें. त्या म्हणाल्या, "जाऊं द्या पोरांना. पण तिथी पाहून पथारी पसरा रे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची वेळ कळते." आम्हीं मान डोलावली, आणि तें विसरलों.

सकाळीं भिवंडी रोड स्टेशनावर दिवा-वसई मार्गावरील गाडी पकडली. खारबाव, कामण, जूचंद्र करीत वसई रोड. तेथें डहाणूकडे जाणारी लोकल. विरार सोडतांच मुंबईचा शेजार संपल्यासारखा वाटतो. वैतरणेचे पूल, खारफुटीचीं हिरवीं बेटें, सफाळें, आणि मग केळवे रोड. तेथून रिक्षानें गांवांत जातांना दोहों बाजूंस नारळी-पोफळीच्या वाड्या व त्यांच्या सावलींत जपलेल्या पानवेली. विड्याच्या पानांसाठीं हा भाग जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. समुद्राजवळ शीतलादेवीचें देऊळ असून किनाऱ्याच्या सुरूबनांत पोर्तुगीज अमदानींतील लहानसा भुईकोट आहे. इ. स. १७३९ च्या आरंभीं मराठ्यांनीं केळवें-माहीमचा मुलूख घेतला, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या फौजेनें वसई सर केली. आज त्या कोटाभोंवतीं मुलें लपंडाव खेळत होतीं.

एका वाडीवाल्या गृहस्थांनीं सुरूंच्या आडोशास तंबूची जागा दाखवून दिली. सूर्यास्तास पाहतों तों समुद्र दूरवर ओसरलेला, व पुढें ओल्या वाळूचें विस्तीर्ण पटांगण. पौर्णिमेचा चंद्र उगवला तो अर्थातच समुद्रांतून नव्हे, तर आमच्या पाठीमागें, सुरूंच्या दाटींत. तो दिसेना, म्हणून आम्हीं खुंट्या उपटल्या आणि तंबू शंभर पावलें खालीं नेऊन उघड्या वाळूंत ठोकला. दशम्या, लसणाची चटणी व स्टोव्हवर केलेला पिठलें-भात असें जेवण झालें.

मागांचा खडखडाट नाहीं, हें कानांस आधीं खरेंच वाटेना. मग हळू आवाजांत बोलणें सुरू झालें. ठाण्यास जाऊं म्हणणाऱ्यास घर सोडावयाचें नव्हतें. दिवसांतून अर्धा तास लावून घेतां येईल असें एक दार हवें होतें. नको म्हणणाऱ्यास येथें सर्व सुखाचें होतें असेंही नव्हे. आजींच्या उतारवयांत आपण निघून गेलों असें कोणी म्हणेल, याची भीति होती. तीन वर्षांत या दोन्ही गोष्टी एकमेकांस सांगितल्या गेल्या नव्हत्या.

बोलण्याच्या भरांत लाटांचा आवाज जवळ आल्याचें प्रथम ध्यानांत आलें नाहीं. साडेदहाच्या सुमारास एकानें विचारलें, "आज तिथी कोणती?"

"पौर्णिमा. पंधरा."

"पंधराची पाऊणपट?"

"सव्वाअकरा!"

त्यानंतरच्या धांदलीचें वर्णन न केलेलें बरें. तंबू कसाबसा गुंडाळून सुरूंत ओढला. स्टोव्ह भिजला, आणि एक चप्पल समुद्रास अर्पण झाली. साडेअकरास आमच्या खुंट्यांच्या खळग्यांवरून पाणी खेळत होतें. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येतात, म्हणून भरतीस उधाण येतें. आणि भरतीची वेळ रोज सुमारें पाऊण तासानें पुढें सरते, म्हणून पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट. अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस मध्यान्हीं व मध्यरात्रीं. घड्याळाची काटेकोर वेळ यांत मिळत नाहीं. पण तंबू कोठें ठोकूं नये, एवढें समजतें. हें सारें शाळेंत शिकलेलों आम्ही, आणि आठवलें तें आजींचें वाक्य!

दुसऱ्या दिवशीं घरीं येऊन आजींस सर्व सांगितलें. त्या रागावल्या नाहींत. "पाणी देवळापाशीं कुठवर येतें आतां?" एवढेंच त्यांनीं दोनदां विचारलें. माहीमचा समुद्र त्यांनीं पाहिल्यास किती वर्षें झालीं, हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें.

गच्चीशेजारच्या खोलींत जुना पाळणा, ट्रंका व फुटके माठ पडून होते. ती खोली आम्हांस द्यावी, असें त्याच रात्रीं पंगतींत विचारलें. दादांनीं वर्तमानपत्र बाजूस ठेवून म्हटलें, "इतकेंच होतें, तर बोललां कां नाहीं?" काकूंनीं सकाळीं स्वतः केरसुणी हातीं घेतली. माग तेथेंही ऐकूं येतात. पण दार लागतें. ठाण्याचें बिऱ्हाड तूर्त राहिलें. पुढें जावेंही लागेल, पण गेलों तर बोलून जाऊं.

पाऊस संपला कीं आजींस घेऊन माहीमास जावयाचें आहे. तिथी त्याच ठरविणार आहेत.