शुक्रवारचं स्तोत्र

शुक्रवारी रात्री कॅथलिक चर्च आपल्या माणसांना झोपायला पाठवतं ते ८८ वं स्तोत्र म्हणायला लावून. दीडशे स्तोत्रांतलं हे सर्वांत काळंकुट्ट. बाकीच्या विलापस्तोत्रांत रडणारा माणूस बहुतेक वेळा शेवटाकडे देवाचे आभार मानू लागतो; हा काही मानत नाही. हाका मारून थकलो, जिवाभावाची माणसंसुद्धा तूच तोडलीस, अशी तक्रार करतच तो थांबतो. मूळ हिब्रूत त्याचा अखेरचा शब्द ‘अंधार’ असा आहे. आठवडाभर राबून आलेल्या माणसाच्या हातात, तेही निजायच्या वेळी, हे कुणी द्यावं? रात्रीच्या प्रार्थनेचा क्रम पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो लावणाऱ्यांना नोकरी-धंदा माहीत नसणार, असंच मला वाटलं.

कारण प्रार्थना कशासाठी, याबद्दल माझं मत पक्कं होतं. शांत वाटावं म्हणून. मी अंधेरीत एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करते. महिनाअखेर संपते न संपते तोच जीएसटीच्या रिटर्नची २० तारीख डोक्यावर येते. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये धड उभं राहता आलं तरी नशीब. वसईला पोचेपर्यंत डोकं भणभणत असतं. त्यामुळे जेवणं आटोपली की मोबाइलवर हलकं संगीत लावायचं, मेणबत्ती पेटवायची, डोळे मिटून येशूपाशी बसायचं आणि ऑफिसला चपलेसारखं उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा माझा परिपाठ होता. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

पण हळूहळू त्या बरं वाटण्याचाच हिशेब सुरू झाला. आज मन लागलं का? काल जास्त लागलं होतं का? नाही लागलं की चिडचिड, आणि प्रार्थनेला बसून चिडचिड झाली म्हणून वर आणखी खंत.

त्यात एकदा साहेबांनी भरल्या मीटिंगमध्ये माझ्यावर अशा गोष्टीचं खापर फोडलं, जी माझ्या टेबलावर आलीच नव्हती. गाडीत बोरिवलीपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात उत्तरं देत होते, एकाहून एक झणझणीत. घरी येऊन नेहमीसारखी बसले. संगीत मंद, मेणबत्ती स्थिर, आणि माझ्या तोंडून देवाचे गोड गोड आभार. त्या रात्री मला त्या गोडव्याची शिसारी आली. जे दिवसभर मनात उकळत होतं, त्यातलं अवाक्षरही मी देवापुढे काढलं नव्हतं.

शांतीचंच म्हणाल, तर योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय मी किती वेळा ऐकला असेल! पुनरुत्थानाच्या दिवशीची संध्याकाळ आहे, भीतीने दारं बंद करून शिष्य आत बसलेत, येशू मध्ये येऊन उभा राहतो आणि त्यांना शांती देतो. माझं ऐकणं इथेच थांबायचं. पुढे लगेच तो त्यांना हात आणि कूस दाखवतो, म्हणजे जखमा दाखवतो. मग पुन्हा शांती देतो आणि त्याच दमात त्यांना कामाला धाडतो. अशी ही शांती. तिच्या एका बाजूला जखमा आणि दुसऱ्या बाजूला उद्याचं काम. दार लावून घेतलेल्यांना तिथेच सुखाने बसू द्यायला तो आलेला नाही. मला मात्र नेमकं तेच हवं होतं.

मग एका सिस्टरांच्या सांगण्यावरून मी त्या निर्दय वाटलेल्या रात्रीच्या प्रार्थनेकडे परत वळले. ती फार जुनी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम लिहिले, त्यात रोज रात्री ४, ९१ आणि १३४ ही तीन स्तोत्रं नेमली आणि त्यानंतर कुणी बोलायचं नाही असं ठरवून दिलं. पुढे स्तोत्रं आठवडाभर विभागली गेली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच्या क्रमात शुक्रवारच्या वाट्याला ८८ वं आलं. मंगळवारच्या छोट्या वाचनात पेत्राच्या पत्रातला गर्जणारा सिंह येतो, सावज शोधत फिरणारा. दिवाणखान्यात लावायच्या शांत संगीताशी याचं अजिबात जमत नाही. आणि सुरुवात कशाने, तर दिवसाच्या झडतीने. आज काय केलंस, कुणाला काय बोललास, ते आधी बघ. स्तोत्रं मग. बाळ येशूला हातात घेऊन शिमोनाने म्हटलेलं गीत त्याहून पुढे, शेवटाकडे.

या झडतीत साहेब येतात. ते खापर अन्यायाचंच होतं, हे मत मी अजून बदललेलं नाही. पण ते देवाला सांगताना शब्द निवडावे लागतात. गाडीतल्या संवादात मी एकटीच शहाणी असते, देवापुढे मात्र तसं चालत नाही. आदल्या आठवड्यात मी आमच्या नव्या मुलीला व्हाउचरवरून काय सुनावलं होतं, तेही तिथे आठवतंच. झोप कधी चांगली लागते, कधी नाही. आता त्यावरून मी प्रार्थनेला गुण देत नाही.

आमच्या आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे मुळीच पटलेलं नाही. त्यांची संध्याकाळ म्हणजे रोझरी. आल्तारासमोर सगळ्यांनी बसायचं, पाच रहस्यं, आणि शेवटी आळीतल्या आजाऱ्यांची नावं. “पुस्तकात बघून वाचायची कसली गं प्रार्थना?” असं त्या मला विचारतात. मी त्यांना शुक्रवारचं स्तोत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “हे तर हे गेले तेव्हा मी रोज म्हणत होते. पुस्तक नव्हतं एवढंच.”

त्यानंतर पुस्तकावरून आमचा वाद झालेला नाही. रोझरीला वेळेवर ये, हा धोशा मात्र कायम आहे, आणि महिनाअखेरीला मला ते अजूनही जमत नाही.