खोगिराचा धनी

काउबॉय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो चित्रपटातला: कमरेला पिस्तूल, डोक्यावर रुंद टोपी आणि पाठीमागे मावळता सूर्य. खरा काउबॉय महिना तीस-चाळीस डॉलरांवर राबणारा गुराखी होता. ज्या घोड्यावर तो बसे तो बहुधा मालकाचा. स्वतःचे म्हणावे असे त्याच्यापाशी एकच असे, ते म्हणजे खोगीर. आणि त्याला महिन्याच्या पगाराहून अधिक पैसे मोजावे लागत. म्हणूनच त्या लोकांच्या बोलीत ‘त्याने खोगीर विकले’ म्हणजे तो पुरता धुळीला मिळाला!

गेल्या उन्हाळ्यात मी डेन्व्हरला धाकट्या बहिणीकडे होतो, तेव्हा अशाच एका खोगिराची कुळकथा शोधण्याचा योग आला. तिच्या शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका, पंचाहत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्याकडे वडिलोपार्जित खोगीर आणि चॅप्स, म्हणजे काट्याकुट्यांपासून मांड्या राखण्यासाठी विजारीवर बांधायची चामडी, जपून ठेवलेली. बाईंचे पणजोबा 1870 नंतरच्या दशकात टेक्सासहून गुरांचे तांडे घेऊन उत्तरेला आले आणि हे खोगीर त्या वाटेवरचेच, अशी घरात पूर्वापार सांगी. भाच्यांना ते विकायचे होते, कारण तसल्या वस्तूला म्हणे मोठी किंमत येते. बाईंना ते संग्रहालयाला द्यायचे होते. पण आधी खरे काय ते कळायला हवे, हा त्यांचा हट्ट. “दादा, तूही चल. तुला जुन्या शब्दांचा नाद आहेच,” बहीण म्हणाली. आम्ही प्वेब्लोला निघालो.

डेन्व्हरपासून प्वेब्लो दक्षिणेला सुमारे 110 मैल. उजव्या हाताला रॉकी पर्वताची रांग आणि तिच्यात 14 हजार फुटांवर गेलेले पाइक्स शिखर. डाव्या हाताला वाळलेल्या गवताचे क्षितिजापर्यंत माळ. प्वेब्लोचे नाव पुढे पोलादाच्या कारखान्यामुळे झाले, पण त्याही आधीपासून ते गुरांचे आणि खोगिरांचे गाव. टेक्सासचे तांडे उत्तरेला आणणारा प्रसिद्ध चार्ल्स गुडनाइट काही वर्षे इथेच राहिला. त्याचा दगडी गोठा गावाच्या पश्चिमेला आजही उभा आहे. गॅलप आणि फ्रेझर या इथल्या कारागिरांची खोगिरे दूरदूर जात.

गावातून आर्कान्सा नदी वाहते. 1821 साली मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा ही नदी म्हणजे त्याची उत्तरेची शीव. मला सर्वांत मौज वाटली ती इथे. काउबॉयचा सारा सरंजाम या शिवेपलीकडून आलेला आहे. मेक्सिकोतला गुराखी तो ‘वाकेरो’. इंग्रजी कानांनी त्याचा ‘बकारू’ केला. ‘ला रेआता’ या दोराचा ‘लॅरिअट’ झाला. जनावराला फास पडला की दोर खोगिराच्या शिंगाला गुंडाळायचा. त्यासाठी ‘दाले वुएल्ता’, म्हणजे ‘दे वळसा’, असे ओरडत. त्याचे झाले ‘डॅली’! घोड्याच्या तोंडावरची ‘हाकिमा’ तर स्पेनने अरबांच्या ‘शकीमा’वरून घेतलेली. आपली रिकीबही मुळात अरबांचीच, फारसीच्या वाटेने आलेली. आणि जीन, लगाम, खोगीर हे तर फारसीच. म्हणजे घोड्यांच्या मुलखातून शब्दांचे एक पथक सह्याद्रीकडे आले आणि दुसरे समुद्र ओलांडून या माळावर पोचले. आमचे जीनगर आता आडनावापुरते उरले. इकडे मात्र खोगीर शिवणारे अजून आहेत.

अशाच एका वृद्ध कारागिराकडे आम्ही गेलो. त्याने खोगीर लाकडी घोडीवर चढवले, ओल्या फडक्याने चामडे पुसले आणि भिंग धरले. शिक्का उमटला: आर. टी. फ्रेझर, प्वेब्लो.

“फ्रेझरने स्वतःचे दुकान काढले 1898 साली,” तो म्हणाला. “टेक्सासचे तांडे त्याच्या आधीच थांबले होते.”

ते खरेच होते. ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले 1874 साली, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत मोकळ्या माळाला कुंपणे पडली. आगगाड्या आल्या, रोगाच्या भीतीने कॅन्सससारख्या राज्यांनी टेक्सासच्या गुरांना बंदी केली. शिवाय या खोगिराचा पुढचा भाग दोन्ही बाजूंना फुगीर होता. ही घडण विसाव्या शतकात रूढ झाली, जुनी खोगिरे तिथे सपाट असत. चॅप्सच्या उजव्या मांडीवर दोर घासल्याचे काळे चट्टे होते. ते वापरणारा हौशी नव्हता, कामकरी होता.

मग त्याने रिकिबी पाहिल्या. “डाव्या रिकिबीत पाय देऊन चढतात, म्हणून तिचा पट्टा ताणून लांब होतो. इथे उलट आहे. डावी दोन भोके वर बांधली आहे आणि तीच भोके झिजली आहेत. धन्याचा डावा पाय आखूड असावा.”

बाई खुर्चीवर बसल्या. काही वेळाने म्हणाल्या, “माझे आजोबा लंगडत. पाय मोडला होता, तो नीट बसलाच नाही. आम्ही पणजोबांच्या गोष्टी ऐकत वाढलो. आजोबांची गोष्ट कुणी सांगितलीच नाही. दुसऱ्यांच्या गुरांमागे हिंडायचे, कुंपणे दुरुस्त करायचे, त्यात सांगण्याजोगे काय, असे सगळ्यांना वाटे.”

किंमत घसरली हे ऐकून भाच्यांचा उत्साह मावळला. बाईंनी सगळे सामान एका लहान संग्रहालयाला दिले. सोबतची चिठ्ठी त्यांनी स्वतः लिहिली: आजोबांचे नाव, काम गुराख्याचे, खोगीर प्वेब्लोचे. पणजोबांचा त्यात उल्लेख नाही. मांडणी करताना तिथल्या मुलीने दोन्ही रिकिबी सारख्या करू का, म्हणून विचारले. बाई म्हणाल्या, “नको. डावी दोन भोके वरच राहू दे.”